आकृती क्रमांक एकतीस

कोणतीही वस्तू केवळ जुनी आहे म्हणून पुरातन ठरत नाही. ती नोंदवहीत चढली म्हणजे पुरातन ठरते. डोंगरावर अनादी काळापासून पडलेल्या धोंड्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. त्याच धोंड्यावर पांढऱ्या रंगाने आकडा घातला की त्याला कुंपण मिळते, कुंपणाला फाटक मिळते, फाटकाला कुलूप मिळते आणि कुलपाला एक माणूस मिळतो. यालाच संस्कृती म्हणतात. (ही व्याख्या मी बऱ्याच पुस्तकांत शोधली. कुठे आढळली नाही. तेव्हा ती माझीच असावी, आणि माझी असल्यामुळे बहुधा चुकीची असावी.)

आमच्या गावामागच्या डोंगरावर अशा तीन गुहा आहेत. वर जायला सहाशे बारा पायऱ्या आहेत. मी त्या चार वेळा मोजल्या आणि सहाशे नऊ, सहाशे बारा, सहाशे पंधरा आणि पुन्हा सहाशे नऊ अशी उत्तरे आली. त्यांतले मधले मी धरले आहे. गुहांच्या भिंतींवर आठ-दहा हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी दगडाने दगड कोरून आकृती काढल्या आहेत: जनावरे, माणसे, हाताचे पंजे, आणि कशाच्याच नाहीत अशा काही. त्या लोकांना लिहिता येत नव्हते, धातू ठाऊक नव्हता आणि पुरातत्त्व खाते अस्तित्वात नव्हते. त्यामुळे हे सर्व काम परवानगीवाचून, अंदाजपत्रकावाचून आणि देखरेखीवाचून झाले. त्या मानाने ते बरे उतरले आहे. त्या लोकांचा एकच दोष दाखवता येईल: जाताना त्यांनी पदभार कोणाकडे सोपवला नाही.

ही उणीव खात्याने भरून काढली.

गुहा पाहायला दर वर्षी एकवीस हजार माणसे येतात. प्रत्येक माणूस वर सरासरी चौतीस मिनिटे असतो. त्यांपैकी अकरा मिनिटे दम खाण्यात, नऊ मिनिटे स्वतःचा फोटो काढण्यात, सहा मिनिटे तो नीट आला नाही म्हणून पुन्हा काढण्यात, पाच मिनिटे बरोबरच्या माणसांना हाका मारण्यात आणि तीन मिनिटे "इथं आणखी काही बघण्यासारखं आहे का?" असे विचारण्यात जातात. बेरीज चौतीस होते. आकृती पाहण्याचा वेळ यात दाखवलेला नाही, कारण तो वेगळा मोजण्याइतका भरत नाही. तरीही आकृतींपुढे काहीच चर्चा होत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. एका जोडप्याची चर्चा मी स्वतः ऐकली आहे.

"हे काय आहे हो?"

"हरीण."

"मला तर बकरी वाटतेय."

"अगं, आठ हजार वर्षांपूर्वीचं आहे ते."

"मग बकरीच असणार."

या युक्तिवादात काहीतरी चुकते आहे असे मला तेव्हा वाटले होते. अजून नेमके सापडलेले नाही.

काही प्रेक्षक मात्र एवढ्यावर न थांबता भिंतीत स्वतःची भर घालून जातात. किल्ली, खिळा, पट्ट्याचे बक्कल ही साधने वापरून त्यांनी केलेल्या कामाची नोंद रखवालदाराने आपल्या खाजगी वहीत ठेवली होती. एकूण एक हजार एकशे चौदा. पैकी नुसती नावे सातशे दोन, जोडनावे दोनशे अठ्ठ्याण्णव, नाव व गाव एकसष्ट, नाव व तारीख चाळीस, आणि फोन नंबर तेरा. (त्यांपैकी दोन नंबर अजून लागतात. रखवालदाराने लावून पाहिले आहेत आणि जे बोलायचे ते बोलून घेतले आहे.) एकदा मी वही घेऊन भिंतीशी ताडून पाहिली तेव्हा एक हजार एकशे तेराच भरली. माझीच चूक असणार म्हणून मी विषय वाढवला नाही.

रखवालदार या माणसाबद्दल येथे सांगितले पाहिजे, कारण पुढे जे घडले ते त्याच्या जिवावर बेतले होते.

तो एकतीस वर्षे या गुहांवर होता. सकाळी साडेआठला फाटक उघडायचे, संध्याकाळी सहाला लावायचे आणि मधल्या वेळात माणसांच्या हातांकडे बघायचे, हे त्याचे काम. चेहरे त्याच्या लक्षात राहत नसत, हात राहत. "ओ ताई, ती पिन केसात घाला बघू पुन्हा," असे तो पाठमोरा असतानाही म्हणू शके. "ओ भाऊ, तुमच्या घरी भिंत नाही का? तिथं कोरा की. घरचे कौतुक करतील." तरीही कोणी ओरखडा काढलाच तर तो ओले फडके घेऊन पुसत बसे. दगडावरचा ओरखडा पुसून जात नाही हे त्याला माहीत होते. पण खात्याने फडके दिले होते.

हा रखवालदार महिनाअखेरीस निवृत्त व्हायचा होता. त्याची बायको आधीच मुलीकडे गेली होती. मुलगी लांब राहते, एक दिवस आणि एक रात्र रेल्वेत बसावे लागते, आणि तिचे दिवस भरत आले होते. निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी सातच्या गाडीचे आरक्षण होते. फाटकाजवळच्या चौकीत त्याची ट्रंक बांधून तयार होती. आता फक्त पदभार सोपवायचा होता.

पदभार सोपवणे म्हणजे काय हे ज्यांनी नोकरी केलेली नाही त्यांना समजणार नाही. जाणाऱ्याने जडवस्तू संग्रह नोंदवहीतील प्रत्येक वस्तू येणाऱ्याला दाखवायची, येणाऱ्याने ती मोजून घ्यायची, आणि दोघांनी अधिकाऱ्यासमक्ष सही करायची. त्याशिवाय कार्यमुक्तीचा आदेश निघत नाही, आणि आदेश निघाला नाही तर माणूस निवृत्त होत नाही. तो नुसता म्हातारा होतो. पलीकडच्या डोंगरावरच्या बुरुजाचा रखवालदार चौऱ्याऐंशी वर्षांचा आहे आणि अजून रोज कामावर येतो, कारण एक शिडी सापडत नाही. खात्यात त्याचे उदाहरण निष्ठा म्हणून देतात.

आमच्या गुहांच्या नोंदवहीत पुढील वस्तू होत्या: बादल्या दोन, झाडू तीन, फडकी चार, खुर्ची एक, कुलपे तीन, "आकृतींना हात लावू नये" असा पत्र्याचा फलक एक, आणि अश्मयुगीन कोरीव आकृती त्रेचाळीस. आकृती जडवस्तू आहेत की नाहीत याबद्दल सुरुवातीला मतभेद होते असे म्हणतात. मग कोणीतरी एका आकृतीला हात लावून पाहिला आणि प्रश्न मिटला.

त्या त्रेचाळीस आकृतींची यादी मी केलेली आहे. एकतीस वर्षांपूर्वी मी गावच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. खात्याला यादी करण्यासाठी ज्याला वाचता-लिहिता येते आणि नाही म्हणता येत नाही असा माणूस हवा होता. वाचनालयाने माझे नाव एकमताने सुचवले. मी दोन दिवस वर गेलो, पुस्तकांची करतात तशी आकृतींची यादी केली, प्रत्येकीला क्रमांक आणि एका ओळीचे वर्णन दिले, आणि घरी आलो. तेव्हापासून ती चुकली असावी असे मला वाटत आले आहे. पण मला तसे सगळ्याच बाबतीत वाटते.

पदभाराच्या दिवशी मला खात्याचे पत्र आले: "मूळ यादीकर्ते हयात असल्यास त्यांनी उपस्थित राहावे." मी दोनदा खात्री करून घेतली आणि गेलो.

तपासणी अधिकारी पावणेअकराला फाटकाशी पोचले. ते भले गृहस्थ होते, फक्त त्यांचे गुडघे खात्याच्या ताब्यात नव्हते. रखवालदाराने नोंदवहीतली खुर्ची उचलून बरोबर घेतली होती. दर शंभर पायऱ्यांवर ते तिच्यावर बसले आणि प्रत्येक वेळी उठताना "खुर्ची: एक, सुस्थितीत" असे म्हणाले. नवी रखवालदार त्यांच्या मागून येत होती. पस्तिशीची बाई, पायात कापडी बूट, कानामागे पेन्सिल. आधी ती एका रुग्णालयाच्या कपड्यांच्या खोलीवर होती.

"दोनशे चाळीस चादरी होत्या माझ्याकडे," ती मला पायऱ्यांवर म्हणाली. "रोज धुवायला जायच्या, रोज यायच्या. नऊ वर्षांत एक उशीचा अभ्रा गेला, आजोबा. तोसुद्धा पेशंटबरोबर गेला."

"बरा होऊन?" मी विचारले.

"नाही. म्हणून मागता आला नाही."

मला घाम फुटला तो चढामुळे नसावा.

पहिल्या गुहेत मोजणी सुरू झाली. रखवालदाराने बादली दाखवली. अधिकाऱ्यांनी खूण केली. झाडू दाखवले, फडकी दाखवली. तिसऱ्या गुहेत रखवालदाराने दुसरी बादली दाखवली. अधिकाऱ्यांनी तिच्यापुढेही खूण केली. पहिल्या गुहेतल्या बादलीला कडीपाशी लाल सुतळी गुंडाळलेली होती आणि तिसऱ्या गुहेतल्या बादलीलाही तशीच होती, हे मी पाहिले. नव्या बाईनेही पाहिले. ती काही बोलली नाही. एका बादलीवरून कोणी कोणाची गाडी चुकवत नाही.

"फलक?" अधिकाऱ्यांनी विचारले.

"तो काय वर टांगलाय साहेब," रखवालदार घाईने म्हणाला. "दिसतोय की. एकतीस वर्षं तिथंच आहे."

"पाठीमागं नंबर घातलेला असतो," नवी बाई म्हणाली. "तो बघायला हवा."

"अहो, खिळे गंजलेत. काढायला गेलं तर भिंतीचा टवका निघेल. पुढं चला."

अधिकारी पुढे चालले, कारण पुढे बसायला कट्टा होता.

मग आकृती. एक: बैल. दोन: बैल. तीन: बहुधा बैल. (ही वर्णने माझी आहेत.) रखवालदार हात न लावता बोट दाखवी, नवी बाई पेन्सिलीने टिचकी मारी, अधिकारी खूण करत. सतरा नंबर: शिंगे असलेले हरीण, तिसरी गुहा, उजवी भिंत. हजर. तीस नंबर: पंजा. हजर.

"एकतीस. हात उंचावलेला माणूस. तिसरी गुहा, उजवी भिंत."

रखवालदाराने बोट वर केले. ते भिंतीवर वरखाली फिरले. मग थांबले.

"इथंच असतो," तो म्हणाला.

"असतो म्हणजे?" अधिकारी म्हणाले. "कुठं जाऊन येऊन असतो का?"

पुन्हा मोजले. बेचाळीस. उलटीकडून मोजले. बेचाळीस. नवी बाई म्हणाली, "माझं काही वाकडं नाही काका तुमच्याशी. पण त्रेचाळीसच्या खाली मी सही नाही करणार. उद्या मी जाताना कुठून आणू?"

"बरोबर आहे तुझं, बाळ," रखवालदार म्हणाला, आणि खाली बसला.

एवढ्यात त्याचा फोन वाजला. गुहेत आवाज मोठा येतो, त्यामुळे पलीकडचेही आम्हाला सर्व ऐकू आले.

"बाबा, झालं का तुमचं?"

"मोजणी चाललीय गं."

"कसली मोजणी?"

"चित्रांची."

"ती काय पळून जाणारेत?"

रखवालदाराने उजव्या भिंतीकडे पाहिले. "आईला दे," एवढेच म्हणाला, आणि आई आल्यावर "काही नाही, नंतर करतो" म्हणून ठेवून दिला.

अधिकाऱ्यांनी नियम वाचून दाखवले. ते क्रूर नव्हते. नियम तोंडपाठ नसल्यामुळे त्यांना ते मोठ्याने वाचावे लागले. जडवस्तू कमी भरल्यास तीन मार्ग आहेत. पहिला: त्याच बनावटीची वस्तू आणून जागेवर ठेवणे. हा मार्ग आठ हजार वर्षांपूर्वी बंद झाला आहे. दुसरा: वस्तूचे निर्लेखन, म्हणजे ती कायमची नोंदीतून कमी करणे. त्यासाठी वस्तू निरुपयोगी झाल्याचे समितीने डोळ्यांनी पाहावे लागते, म्हणजे गहाळ वस्तू हजर केल्याशिवाय ती गहाळ ठरवता येत नाही. तिसरा: पुरातन वस्तूची चोरी म्हणून फिर्याद. ती होईपर्यंत रखवालदाराने जागा सोडायची नाही.

"माणूस चोरून मी कुठं नेणार, साहेब?" रखवालदार म्हणाला. "भिंतीतला?"

"ते फिर्यादीत येईल," अधिकारी म्हणाले.

या वेळी मला कळून चुकले की आपण बोलले पाहिजे. मला सर्व आठवले होते. एकतीस वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी मी तिसऱ्या गुहेत सकाळी गेलो होतो. दुसऱ्या दिवशी, राहिलेल्या आकृती टिपायला, दुपारी चारनंतर. सकाळी ऊन डावीकडून येते आणि त्या कोरीव रेषा हरणाच्या होतात. दुपारी ऊन उजवीकडून येते, पाय सावलीत बुडतात, शिंगांचे हात होतात, आणि एक माणूस दोन्ही हात वर करून उभा राहतो. पुस्तकांच्या यादीत एकाच पुस्तकाला दोन नावे असली की आम्ही दोन नोंदी करतो आणि एकीपुढे "पाहा" असे लिहितो. मी "पाहा" लिहायला विसरलो.

मी हे सांगितले. सांगताना तीन वेळा माफी मागितली.

"म्हणजे सतरा आणि एकतीस एकच?" अधिकारी म्हणाले.

"असावेत. म्हणजे, माझी तशी समजूत आहे. चारपर्यंत थांबलात तर दाखवतो."

आम्ही थांबलो. डबे खाल्ले. अधिकारी कट्ट्यावर जरा लवंडले. प्रेक्षक येत होते, फोटो काढत होते. एका आजोबांनी आम्हालाच विचारले की इथे आणखी काही बघण्यासारखे आहे का. सव्वाचारला ऊन उजवीकडून आत शिरले आणि भिंतीवर तो माणूस आला. दोन्ही हात वर. बोटेसुद्धा दिसत होती. नव्या बाईच्या तोंडून "अगं बाई" निघाले. मला थोडे समाधान वाटले. मला ते क्वचित वाटते, म्हणून मी ओळखले.

"एकतीस नंबर हजर," अधिकारी म्हणाले आणि त्यांनी खूण केली. मग चष्मा वर केला. "आणि सतरा कुठाय?"

आम्ही सगळ्यांनी भिंतीकडे पाहिले. हरीण गेले होते.

"सकाळी एकतीस नव्हता," अधिकारी सावकाश म्हणाले. "आता सतरा नाही. म्हणजे एका दिवसात दोन वस्तू गेल्या. ग्रंथपाल, तुमच्या खुलाशामुळे तूट दुप्पट झाली."

मी म्हणालो की सकाळचे हरीण आणि दुपारचा माणूस धरून बेरीज त्रेचाळीस होते.

"नमुन्यात वेळेचा रकाना एकच आहे. सगळ्या वस्तू एकाच वेळी हजर पाहिजेत. नाहीतर उद्या कोणीही एकच बादली सकाळी इथं दाखवेल आणि दुपारी तिथं."

रखवालदार खाली बघू लागला. नवी बाई वर बघू लागली.

"आणि यादीत दुरुस्ती?" मी विचारले.

"यादीवर ज्या साहेबांची सही आहे त्यांच्याच सहीनं होते."

ते साहेब वारले त्याला बावीस वर्षे झाली. मी त्यांच्या शोकसभेला गेलो होतो. पुढच्या वर्षी पुन्हा होती असे वाटून पुन्हा गेलो होतो.

पावणेपाच झाले. रखवालदार उठून गुहेच्या तोंडाशी गेला आणि उभा राहिला. तिथून खाली चौकीचे छप्पर दिसते. ट्रंक छपराखाली होती, ती दिसत नाही. पण तो तिकडेच बघत होता.

अधिकारी अहवाल लिहू लागले. नव्या बाईला मात्र बसवेना. तिने वही पुन्हा पहिल्यापासून काढली. बादल्या, झाडू, फडकी, खुर्ची, कुलपे. मग तीच खुर्ची ओढली, वर चढली, आणि रखवालदाराचे "अहो, नको" पूर्ण व्हायच्या आत तिने फलक खिळ्यावरून उचलला. खिळे गंजलेले नव्हते. दर वर्षी तेल दिल्यासारखे होते.

फलकाच्या पाठीमागे नंबर होता. आणि फलकाच्या जागी, भिंतीवर, एक बदाम होता. त्यातून आरपार गेलेला बाण. बदामाच्या पोटात दोन अक्षरे आणि मध्ये अधिकचे चिन्ह.

एक हजार एकशे चौदावा.

"हे काय?" अधिकारी म्हणाले.

रखवालदाराचा चेहरा पडला. एकतीस वर्षांत मी त्याला कोणाच्या समोर असा उभा राहिलेला पाहिला नव्हता; हात मागे, शाळेत उभे करतात तसा. "साहेब, खरं सांगतो," तो म्हणाला. "नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. पाणी आणायला मी खाली..."

"काका," नवी बाई खुर्चीवरूनच म्हणाली, "तुम्हाला गाडी गाठायची आहे ना? मग गप्प बसा बघू जरा."

अधिकारी माझ्याकडे वळले. "तुम्ही मूळ यादीकर्ते. हे तुमच्या यादीतलं आहे?"

वाचकहो, मी आयुष्यात कोणतेही विधान ठामपणे केलेले नाही. लग्नात मला विचारले तेव्हाही मी "बहुतेक" म्हणालो होतो आणि ते बायकोने मला पुढे तेहेतीस वर्षे ऐकवले. पण रखवालदार माझ्याकडे बघत होता, आणि त्याची मुलगी लांब कुठेतरी फोन हातात धरून बसली असणार, आणि हे सगळे एका विसरलेल्या "पाहा"मुळे झाले होते.

"हो," मी म्हणालो. "हाच एकतीस नंबर."

हे विधान मी कंसात केले नाही.

"एकतीसचं वर्णन 'हात उंचावलेला माणूस' असं आहे."

"वर्णन माझं आहे, साहेब. त्यात माझी चूक झाली. हे शिकारीचं दृश्य आहे. बाण स्पष्ट दिसतो. ज्याला बाण लागलाय ते जनावर कोणतं, हा अभ्यासाचा विषय आहे."

"आणि ही अक्षरं?"

तिसरीतले मूल ती वाचू शकले असते. "लिपी अज्ञात आहे," मी म्हणालो. "वाचन प्रलंबित."

'प्रलंबित' हा शब्द कानी पडताच अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. खात्यात ते त्याच शब्दावर वाढले होते. हरणाचे त्यांनी सकाळच्या खुणेवर भागवले, कारण सकाळी खूण करताना वेळ लिहायची राहून गेली होती. दुपारी एकतीसपुढे केलेली खूणही तशीच राहिली, कारण खूण कोणत्या आकृतीकडे बघून केली हे खुणेत दिसत नाही. वह्या मिटल्या, सह्या झाल्या, खुर्ची खाली नेली. फलक पुन्हा लावायचा प्रश्न आला तेव्हा आकृती झाकणे हा नियमभंग आहे असे अधिकाऱ्यांनी सांगितले. तो आता शेजारी लावला आहे.

रखवालदार दुसऱ्या दिवशी सातच्या गाडीने गेला. जाताना मला म्हणाला, "साहेब, एकतीस वर्षं मी एकेक ओरखड्याशी भांडलो. आणि सुटलो कोणामुळं, तर ह्यांच्यामुळं." मग म्हणाला, "दोघं हसत खाली गेली होती हो. मला म्हणाली, 'काका, गुहा फार छान ठेवल्यात.'" चौथ्या दिवशी त्याला नात झाली. दोघी सुखरूप आहेत. असे त्याने कळवले आहे, आणि या बाबतीत मला शंका घ्यावीशी वाटत नाही.

याला आता तीन वर्षे झाली. एकतीस नंबरवर दोन प्रबंध झाले असून ते एकमेकांशी बोलत नाहीत. एकात तो शिकारीचा विधी आहे. दुसऱ्यात बाण ही पेरणीची काठी आहे आणि बदाम हे बी. प्रेक्षकांपैकी शंभरात त्र्याऐंशी माणसे आता फक्त एकतीस नंबरपुढे थांबतात. बैल, पंजे, हरीण यांतले त्यांना काही कळत नाही. हे मात्र बघताक्षणी कळते. डोळे भरून येतात. "बघा, आठ हजार वर्षांपूर्वीही माणूस असाच होता!" असे ते म्हणतात. यात चूक काढायला मला अजून जागा सापडलेली नाही.

मी अधूनमधून वर जातो. दुपारी चारनंतर उजव्या भिंतीवर तो माणूस अजून येतो. नव्या रखवालदाराने मला एकदा विचारले, "आजोबा, हा आता वहीत नाही ना?"

"नाही."

"मग असू दे बिचारा," ती म्हणाली, आणि आम्ही दोघे सहापर्यंत त्याच्याकडे बघत बसलो. दुसरे कोणी बघत नव्हते.

आता तुमच्यासंबंधी. बदाम कोरणाऱ्या त्या दोघांचे वय आज पन्नास-पंचावन्न असेल, म्हणजे साधारण पुस्तके विकत घेऊन वाचण्याचे. त्यांतले एक जण आपण असाल तर घाबरू नका; लिपी अज्ञात आहे आणि माझ्याकडून ती वाचली जाणार नाही. पुसायला मात्र येऊ नका. एकतीस नंबरला नख लागले तरी दोन वर्षे शिक्षा आहे, आणि ते तुम्हीच कोरले होते हा बचाव धरला जात नाही. तुमचे कोरीव काम त्यानंतरचे असेल तरी निराश होऊ नये. उरलेली एक हजार एकशे तेरा कामे नव्या बाईने ओळीने लावून ठेवली आहेत. पुढच्या पदभाराला काहीतरी कमी भरणारच. आणि घरच्या माणसांना घेऊन गुहा पाहायला आलात, तर दुसरे अक्षर जिचे किंवा ज्याचे होते ते माणूस आता तुमच्या घरात राहत नसल्यास, एकतीस नंबरपुढे फार वेळ उभे राहू नका. कोण कुठे थांबले आणि किती वेळ, हे नवी रखवालदार वहीत लिहून ठेवते.